शालिकरामचा गेंद्या

शालिकराम माह्या लहान भाऊ, मी त्याची मोठी बहीण. अमरावतीत देवळापाशी फुलं इके. लग्न नाई केलं. तोंडानं फाटका. गिऱ्हाइकानं भाव पाडला का म्हणे, मंग देवाले प्लास्टिकचं वाहा, ते सुकत नाई.

गेंद्या कुत्रा त्याले रस्त्यावर भेटला तवाच म्हातारा होता. कोण्या बंगल्यावाल्याची बदली झाली, त्यानं सोडून देल्ला. कानानं बहिरा, एका डोळ्यात जाळं. शालिकराम त्याले फुलाच्या ओल्या बारदानावर निजवे. भाकर देतानी आधी पाठीवर हात ठेवे, नाईतं ते दचके.

अन् एक दिवस हार गुंफता गुंफताच शालिकराम गेला. छातीत कळ आली म्हणतात. गेंद्या दुकानाच्या फळीखाली बसून राह्यला, खाये ना पिये ना.

मी अकोल्यात किरायाच्या खोलीत राहतो. मालक कुत्रं ठेवू देत नाई. ज्याले त्याले इचारलं. कोणाले पिल्लू पाह्यजे, कोणाले राखण करणारं पाह्यजे. शेवटी चांदूर बाजारचा डोमाजी हो म्हणला. शालिकराम त्याच्याच वावरातून फुलं आणे. मी भाजीच्या गाडीत गेंद्याले नेलं, खुट्याले बांधलं अन् मांगं न पाहता निघाली. स्टँडवर पोचली तं बारदान माह्याच काखेत. द्याचं राहूनच गेलं.

तिथं चंदा नावाची बाई पेरू इकत होती. कावून रडता म्हणे. मी सांगतलं.

"डोमाजीच्या वावरात?" चंदा म्हणली. "अव बाई, तो दिवस बुडला का तारेत करंट सोडते, रानडुकरापायी. त्याचं सोताचं कुत्रं तसंच गेलं. म्हून तं दुसरं पाह्यजे होतं त्याले."

डोमाजीले फोन लावला, उचले ना. सूर्य खाली गेलता. ऑटो केला, ऑटोवाल्याले म्हटलं पळव बापा.

वावरापाशी उतरली तं गेंद्या मोकळा. दोर तोडून कुंपणाच्या आतून हिंडत होता. हवा माह्याकडून तिकडं जाये. त्याले बारदानाचा वास आला अन् ते शेपूट हालवत सरळ तारेकडं निघालं. मी वरडली, पण त्याले आयकू येते का? बारदान दूर फेकलं, तरी ते माह्याकडंच ये. त्यानं तारेतून डोकं घातलं. मी डोळे मिटले.

काईच नाई झालं. डोळे उघडले तं गेंद्या अर्धा इकडं, अर्धा तिकडं अडकला होता.

झोपडीतून डोमाजी धावत आला. "बाई, तारेले हात नका लावू. लाईन गेली हाय, कवाही येईन. मी खांबावरचा आकडा काढतो," म्हणला अन् खांबाकडं पळाला.

खांब लांब होता. मले वाटलं, आता आली लाईन, आता आली. मी हात घातला. मानेची कातडी धरून ओढलं. गेंद्या केकाटला, माह्यी बांगडी तारेले घासली. ते बाहेर आलं तशी आमी दोघं चिखलात पडलो. थोड्या वेळानं पल्याडच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली.

डोमाजी म्हणे, "ठेवता का नेता?"

"नेतो."

"कुठं?"

"मले नाई मालूम."

आता ते माह्या खोलीत खाटेखाली हाय. मालकाले अजून सांगतलं नाई. जिना वाजला का मी गेंद्याच्या तोंडावर हात ठेवून बसतो.