बंद पंखा

टेक्सासच्या उकाड्यात दादा पंखा बंद करून बसला होता, कारण वाऱ्याने छोट्या तराजूचं पारडं हलतं. त्याच्या शेळ्यांची करडं पळवणाऱ्या कायोटीसाठी, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यासाठी, तो मुद्दाम बनवून घेतलेल्या रायफलची काडतुसं हाताने भरत होता. घाम पुसत, बंदुकीच्या दारूचा कण न् कण तोलत. "एका गोळीत संपला पाहिजे," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात त्याचा मित्र सुधीर आला आणि त्याने खुशाल पंखा लावला. "अरे, एखादा कण कमीजास्त झाला तर काय बिघडलं? कोल्हाच तर आहे!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोल्हाच तर आहे, मोलकरीणच तर आहे, सरकारी दवाखान्यातला पेशंटच तर आहे! समोरचा तक्रार करू शकत नाही एवढं कळलं, की आपण कसे लगेच ढिले पडतो! मला मारणं पटत नाहीच. पण मारायचंच असेल, तर निदान घाम तरी गाळा.

दादाने उठून पंखा बंद केला, पारडं रिकामं करून पुन्हा तोलायला घेतलं.

"मागच्या रविवारी तू मारलास ना," तो मान वर न करता सुधीरला म्हणाला, "तो कोल्हा अजून येतो कुंपणाशी. तीन पायांवर."