पूजेसाठी बंद केलेला कॉम्प्युटर

हार्ड डिस्क जाणार हे मला आठवडाभर आधी कळलं होतं. राग येतो तो याचाच.

कॉलेज संपल्यावर मी भिलाईत एका टायपिंग सेंटरमध्ये काम करत होते. मालक बाबांचे स्टील प्लांटमधले जुने सहकारी, म्हणून ते काका, आणि काकांना उलट बोलायचं नाही. दुर्गच्या एका प्राध्यापक बाईंचा पीएच.डी.चा प्रबंध मी टाइप करत होते. शेवटची दोन प्रकरणं बाईंनी शेजारी बसून तोंडी सांगितली होती; ती कागदावर कुठेच नव्हती.

मग फाइल उघडायला इतका वेळ लागू लागला की चहा निवायचा. कॉम्प्युटरच्या डब्यातून टक्‌ टक्‌ आवाज यायचा, मध्येच थांबायचा. एक दिवस स्क्रीनवर इंग्रजीत आलं की डिस्क वाचता येत नाही. मी काकांना बोलावलं.

"काका, हार्ड डिस्क जातेय. आधी सगळं फ्लॉपीवर उतरवून घेऊ."

"कावून घाबरून राहिली तू? पंखा आवाज करून राहिला. कॉन्व्हेंटमध्ये भ्यायलाच शिकवलं का?"

मी गुपचूप कॉपी सुरू केली. पहिली तीन प्रकरणं उतरली. चौथं अडखळत चाललं होतं, तेवढ्यात काका फडका घेऊन आले. दुसऱ्या दिवशी विश्वकर्मा पूजा. आमच्याकडे त्या दिवशी सायकलवाल्याचा पानासुद्धा धुऊन, टिळा लावून ठेवतात. कोणी कामाला हात लावत नाही.

"मशीन बंद कर. पुसायची आहे."

"आता बंद केली तर पुन्हा सुरू होणार नाही बहुतेक. दोन तास द्या."

"पूजेच्या कामात आडवी येऊ नको. मशीन मी घेतली, मले शिकवू नको."

"काका, नका ना." माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला. त्यांनी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरला कुंकू लागलं, हार चढला. मी बुंदीचा प्रसाद घेतला, नमस्कारही केला. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन तीनदा टक्‌ करून गप्प झाली.

बाई आल्या तेव्हा काका म्हणाले, "काय सांगू मॅडम, पोरीनं दिवसभर चालवून चालवून गरम केली."

माझे कान तापले. "मॅडम, मशीन यांनी बंद केली. मी दोनदा नको म्हटलं होतं."

"पाहा! घरी तोंड उघडत नाही म्हणते हिची आई."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "किती वाचलं?"

"पहिली तीन प्रकरणं."

त्या खुर्चीवर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "एवढं कळत होतं, तर मला फोन का नाही केलास?"

फोन काकांच्या टेबलावर होता. विचारून करावा लागला असता.