पनवेलची चिचुंद्री आणि कर्नाळ्याचं शेवाळ

पनवेलला जायचं ठरवलं आमच्या शाळेच्या विज्ञानमास्तरांनी, गेलो मी. प्रयोगशाळेतल्या कपाटांवरच्या चिठ्ठ्या मी लिहितो. वनस्पती आणि प्राणी यांच्या गरजांची तुलना करायला मास्तरांना कर्नाळ्याचं शेवाळ आणि पनवेलच्या भातगिरणीतली जिवंत चिचुंद्री हवी होती. त्यांनी कागद दिला: 'शेवाळावर दर तासाला पाणी शिंपडणे. चिचुंद्रीस तांदूळ पुरेत.'

पुण्याहून सकाळची एस.टी. धरावी, घाट असल्याने पोटभर खाऊन बसू नये. पनवेलला धर्मशाळा स्वच्छ आहे. बाजारात आठ आण्यांत भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण मिळतं.

दुसऱ्या दिवशी कर्नाळा चढलो. वाट निसरडी आहे, घाई करू नये. किल्ल्यावरच्या पाण्याच्या टाक्याजवळच्या कातळावरून शेवाळाचा तळहाताएवढा तुकडा काढला आणि लगेच पाणी शिंपडलं.

संध्याकाळी गिरणीत गेलो. तिथे झाडलोट करणाऱ्या बारकूबाईंनी पालथ्या मडक्याखाली चिचुंद्री पकडून ठेवली होती. मी डब्यात तांदूळ टाकले तशा त्या म्हणाल्या, "दादा, ही उंदीर नाय. दाना नाय खात ती. झुरलां दे."

"कागदावर तांदूळ लिहिलंय."

"मंग कागूदच घाल तिला खायाला." हसल्या, पण डबा सोडेनात. "लक्षुमी हाय गिरनीची. जित्ती ठेवशील ना?"

मी हो म्हणालो.

तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत शेजारच्या गृहस्थांनी नाक दाबलं. "अहो, डब्यात काय मेलंय?"

"मेलं नाही, जिवंत आहे."

"जिवंतपणी एवढा वास, मग मेल्यावर काय?"

खोपोलीपर्यंत डब्यात खुडबुड होती. मी घड्याळ बघून शेवाळावर पाणी शिंपडत होतो. पुण्यात झाकण उघडलं तेव्हा चिचुंद्री ताठ झाली होती. तांदळाचा एक दाणाही कमी नव्हता.

महिन्याभराने मास्तरांनी त्याच शेवाळाचा कागदात वाळवलेला, तपकिरी तुकडा वर्गात पाण्यात टाकला. मुलांच्या डोळ्यांदेखत तो हिरवा झाला. "बघा," मास्तर म्हणाले, "हे पाण्याशिवाय महिनोन्‌महिने राहतं."

म्हणजे हे त्यांना ठाऊक होतं! मग माझ्याकडून दर तासाला पाणी कशाला शिंपडून घेतलं? जे महिनोन्‌महिने थांबू शकतं त्याची एवढी काळजी, आणि जिला एक दिवसही उपास सोसत नाही तिच्यासाठी न विचारता, न बघता दोन शब्द. संताप माझा माझ्यावरही आहे. झुरळं धर्मशाळेतही होती. मी कागदाला भ्यालो.

चिचुंद्री आता बरणीत आहे. चिठ्ठीवर 'प्रवासात दगावली' असं लिहायला मास्तरांनी सांगितलं. मी लिहिलं: 'उपाशी मेली. ही धान्य खात नाही, किडे खाते. माहिती: बारकूबाई, भातगिरणी, पनवेल.'

मास्तरांनी ती चिठ्ठी दोनदा फाडली. आज तिसरी चिकटवली आहे.