तीन, दोन, लाभ

माझी मिसळीची गाडी आमच्या ह्यांनी रॉकेटला देऊन टाकली, ही गोष्ट मी आता हसत सांगते. तेव्हा हसत नव्हते. तेव्हा दोन दिवस पोळ्या अशा आपटून लाटल्या की खालच्या मजल्यावरची शेजारीण वर आली, “भाभी, सब ठीक है ना?”

आम्ही दुबईत, करामाला राहतो. पोहे, भाजणी, मसाले, कुळथाचं पीठ, पापड हा आमचा धंदा, आणि उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात लहानसं गोडाऊन. लायसन्सवर नाव ह्यांचं, बोर्डावर आडनाव ह्यांचं आणि गल्ल्यावर मी. लग्नाआधी माहेरी वडिलांच्या धान्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायचे. जन्म गल्ल्यावर गेला, पण गल्ला एकदाही माझा नव्हता. म्हणून मी एक जुना ट्रेलर घेतला, गाडीमागे ओढायचा, वर पत्र्याचा डबा असलेला. दिरहममध्ये किंमत ऐकली तेव्हा ठीक वाटलं, रुपयात केली तेव्हा चक्कर आली, तरी घेतला. डब्याला खिडकी पाडायची, खिडकीत मी आणि समोर मिसळीसाठी रांग, असं चित्र रोज बघायचे. थालीपिठासाठी लोखंडी तवासुद्धा घेतला होता, एवढा मोठा की लिफ्टमध्ये तिरपा करून न्यावा लागला.

आता ह्यांचं सांगते. कुणाचा नवरा पत्ते खेळतो, कुणाचा क्रिकेट बघत सोफ्याला खड्डा पाडतो. आमचे हे रॉकेट उडवतात. दिवाळीत बाटलीत ठेवतात ते नव्हे, चांगलं माझ्या दुप्पट उंचीचं. त्यांचा क्लब आहे. रीतसर परवानगी काढून थंडीतल्या एखाद्या सकाळी सगळे वाळवंटात जमतात, रॉकेट वर जातं, पॅराशूट उघडून खाली येतं आणि पन्नाशीतले पुरुष त्याच्यामागे पोरांसारखे धावतात. ह्यांचा जोडीदार म्हणजे अबुधाबीच्या तेल कंपनीतला एक इंजिनियर मित्र. तो मला वहिनी म्हणतो, माझ्या हातचं चाटूनपुसून खातो आणि माझ्याच पाठीमागे कट करतो.

रॉकेट सुटेपर्यंत त्याला सरळ धरायला रेल लागते. रेल म्हणजे एक लांब खांब, त्याच्या खाचेत रॉकेट सरकवायचं. ही रेल ते वाळूत तीन पायांच्या तिकाटण्यावर उभी करायचे. वाळूच ती, रॉकेटचं वजन आलं की रेल मान खाली घालायची. मग मित्राच्या सुपीक डोक्यात आलं की रेल चाकांवरच बसवावी. ट्रेलर ओढत न्यायचा, चार कोपऱ्यांना जॅक टेकवायचे, रॉकेट आडवं असतानाच चढवायचं आणि विंच फिरवून दोरानं रेल उभी करायची. कल्पना झकास होती. फक्त चाकं माझी होती.

मला काय माहीत! मी गोडाऊनवर भाजणीची पोती बघायला गेले, तर माझ्या ट्रेलरचा डबा भिंतीशी उतरवून ठेवलेला, त्यात एक मांजर बसलेलं, आणि ट्रेलरवर ती लांबलचक रेल. रेलच्या बुडाशी, रॉकेटची आग खाली ट्रेलरला लागू नये म्हणून, तिरपा बोल्ट मारून बसवलेला, घरून पळवलेला माझा तवा! तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तशी गेली.

“अहो, हे काय?”

“लाँच ट्रेलर,” हे म्हणाले, आणि वर कौतुकानं माझ्याकडे बघितलं.

“आणि माझी मिसळ?”

“टेम्पररी आहे वहिनी,” मित्र मध्येच म्हणाला.

“भावोजी, तुम्ही गप्प बसा! चोर तो चोर, वर शिरजोर.”

“अगं, किती दिवस नुसती मिसळ मिसळ करतेयस,” हे म्हणाले. “ट्रेलर गंजायला लागला होता. तू काय सुरू करत नव्हतीस.”

हे लागलं मला. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. कारण चित्रातल्या रांगेत मला रोज माणसं दिसायची, पण गाडी खरीच उभी केली आणि रांग आलीच नाही तर? ही भीती मी कुणाला सांगितली नव्हती. ह्यांना तर नाहीच नाही.

भांडण मिटवलं आमच्या मुलीनं. ती इथेच कॉलेजात आहे, आणि क्लबात लाँचचं बटण दाबायचं काम तिचं. आमच्याशी ती इंग्रजीतच बोलते. “गाइज, लेट द लाँच डिसाइड,” ती म्हणाली आणि पैज ठरली. एक लाँच. रेल ताठ उभी राहिली, रॉकेट सरळ वर जाऊन परत आलं, तर ट्रेलर बाबांचा. काहीही बिनसलं तर रेल उतरवायची, डबा चढवायचा आणि ट्रेलर आईचा. पुन्हा तोंडातून शब्द काढायचा नाही.

“मंजूर,” मी म्हटलं. “दुकानदाराची पोर आहे मी. माप म्हणजे माप.”

घरी येऊन गणपतीला साकडं घातलं, बाबा रे, कुणाच्या केसाला धक्का लागू नये, पण थोडंसं बिनसू दे. मोदक करीन.

बिनसावं असं वाटत होतं, पण गोडाऊनवर गेले की जीभ थांबते कुठे? जॅक वाळूत रुतणार हे मला त्या दोघांच्या आधी दिसलं. मी म्हटलं, “खाली पाट ठेवा की हो, म्हणजे बसणार नाहीत.” सांगायची खोटी, दुसऱ्या दिवशी घरातले जेवायचे चार पाट गायब. नको तिथे शहाणपणा शिकवला की असं होतं.

लाँचच्या सकाळी धुकं विरळ होईपर्यंत सगळे चहा पीत बसले. मग ह्यांना पूजेची आठवण झाली. नवीन अवजार पूजेशिवाय चालवायचं नाही, हे आमच्याकडे पक्कं. मी ताट काढलं. चाकांना, विंचला, रेलला हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली, नारळ फोडला. क्लबातले बाकीचे देशोदेशीचे लोक फोटो काढत होते. “ह्यालासुद्धा लाव,” म्हणत ह्यांनी बोटभर जाडीची एक स्टीलची पिन ताटात ठेवली. रेल उभी केली की बिजागरीत ती पिन घालायची, म्हणजे रेल हलायचं नाव काढत नाही. मी पिनेला कुंकू लावलं आणि वर फूल वाहिलं.

रॉकेट चढलं. विंच कुरकुरत फिरली, रेल उभी राहिली. खरं सांगते, छान दिसत होती मेली. सगळे लांब, गाड्यांपाशी जाऊन थांबले. माझा राग जावा म्हणून ह्यांनी उलटं मोजायचा मान मला दिला. मराठीतच मोज म्हणाले, हातात माइक दिला. मुलगी बटणाच्या पेटीशी बसली. “आई, यू से ‘एक’, आय प्रेस. ओके?”

“कळतं मला,” मी म्हटलं, आणि सुरू केलं. “पाच! चार! तीन! दोन! लाभ!”

काही नाही. रॉकेट जागच्या जागी. मी मुलीकडे बघते, मुलगी माझ्याकडे बघते.

आता ह्यात माझं काय चुकलं? वडिलांच्या दुकानात पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हटलं की एकटंच राहतं, लाभ म्हटलं की पोतं सरत नाही, असं वडील सांगायचे. मी पापडाची पाकिटंसुद्धा अशीच मोजते. एक हा आकडा माझ्या तोंडात बसलेलाच नाही. आणि पोरगी बोट बटणावर ठेवून एकची वाट बघत बसलेली!

“आई, व्हॉट इज लाभ?” ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा चेहरा बदलला. “होल्ड! होल्ड! होल्ड!”

रेल वाकत होती. विंचचा ब्रेक सुटत होता आणि रेल हळूहळू, रॉकेटसकट, आमच्याच दिशेनं झुकत होती. मुलीनं बटणावरचं बोट काढून पेटीची किल्ली उपसली, म्हणजे बटण दाबलं तरी काही होऊ नये. शेवटी रॉकेटचं नाक गाड्यांच्या रांगेवर रोखून रेल अडकली. मी एक म्हटलं असतं आणि पोरीनं बटण दाबलं असतं, तर काय झालं असतं ते मला आजही मनात आणवत नाही. पायाखालची वाळू सरकते म्हणतात. तिथे सगळी वाळूच, तरी सरकली.

क्लबाच्या नियमाप्रमाणे बराच वेळ थांबून, वायर सोडवून, मग माणसं जवळ गेली. बिजागरीत पिन नव्हती. हे खिसे चाचपतायत, मित्र वाळू उकरतोय. काखेत कळसा अन् गावाला वळसा! मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकायला ताटात हात घातला, तर झेंडूखाली पिन, कुंकू लावून अगदी सवाष्णीसारखी बसलेली.

पिन लागली, विंचचा ब्रेक आवळला, रेल पुन्हा उभी राहिली. परवानगीची वेळ अजून होती. मी पुन्हा माइक घेतला. “तीन! दोन! लाभ!” आणि ह्या वेळी पोरीनं बरोब्बर लाभला बटण दाबलं.

काय सांगू! आवाज आधी छातीत घुसला, मग कानात. माझ्या तव्यावरून धूर उसळला आणि ते सरळ, अगदी सरळ वर गेलं. ते पडावं म्हणून मी मोदक बोलले होते, आणि आता माइकवर ओरडत होते, “जा रे जा! जा माझ्या राजा!” गणपतीला मनातल्या मनात म्हटलं, ते साकडं कॅन्सल. वर लाल पॅराशूट उघडलं तेव्हा ह्यांनी माझा दंड एवढा घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

रॉकेट गाडीत ठेवून झालं तेव्हा मी भानावर आले. “रेल वाकली. बिनसलं. ट्रेलर माझा.”

“लाँचला तर ताठ होती,” हे म्हणाले.

“पहिल्या वेळी वाकली ना?”

“पहिली वेळ झालीच नाही! तू एक म्हणालीस? नाही. एक नाही तर मोजणं पुरं नाही, मोजणं पुरं नाही तर लाँच कसलं?”

“लाभ म्हणजे एकच!”

“मग पोरीनं बटण का नाही दाबलं?”

“वहिनी, टेक्निकली...” मित्र म्हणाला. “सॉरी आई, ही हॅज अ पॉइंट,” पोरगी म्हणाली. घरचे भेदी सगळे! माझ्याच शब्दानं माझा ट्रेलर घेतला. माप म्हणजे माप असं मीच म्हटलं होतं, आता बोलणार काय? मी गाडीतून पाना काढला, तव्याचे बोल्ट सोडवले, अजून कोमट असलेला तवा चादरीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसले. “तवा पैजेत नव्हता.”

झालं. ट्रेलर गोडाऊनात, तवा करामाच्या बाल्कनीत. तव्याशिवाय त्यांचं रॉकेट अडलं आणि ट्रेलरशिवाय माझी मिसळ. मी हटून बसले होते, पण आतून वाईट वाटत होतं. ट्रेलर गेला ह्याचं तर होतंच, पण आता सुरू न करायला चांगलं कारण मिळालं म्हणून जरा सुटल्यासारखंही वाटलं होतं, त्याचं जास्त.

मग एका दुपारी ह्यांचा फोन, “भाजणीला कीड लागलीय, आत्ताच्या आत्ता ये.” मी तोंडाचा पट्टा सुरू ठेवूनच गोडाऊनात शिरले. बघते तर ट्रेलरवर डबा चढलेला. त्याला खिडकी पाडलेली, खिडकीला वर उघडणारी फळी, आत शेगडी आणि शेगडीच्या वर तव्याच्या मापाची रिकामी चौकट. रेल बाजूला जमिनीवर, चार बोल्ट सोडले की डबा उतरेल आणि रेल चढेल अशी केलेली. वर बोर्ड होता, पण कोरा.

“पैज तू हरलीस,” हे म्हणाले.

“हे सांगायला बोलावलंत?”

“ट्रेलर माझा झाला. मग माझ्या ट्रेलरचं काय करायचं ते मीच ठरवणार ना?” त्यांनी ती पिन माझ्या हातात ठेवली. कुंकू अजून होतं तिच्यावर. “ही तुझ्याकडे. तू देशील त्या दिवशी रॉकेट. एरवी मिसळ. आणि बोर्डावर नाव तू घाल. माझं आडनाव नको.”

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून विचारलं, “कीड कुठाय?”

पिन आता माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात असते आणि परवानग्यांचे सोपस्कार झाल्यावर गाडी उभी राहिली. पहिल्या संध्याकाळी कट उकळत होता, तव्यावर रॉकेटचा काळानिळा डाग तसाच होता, घासून घासून हात दुखले तरी जाईना. खिडकी उघडायला माझा हात धजत नव्हता. रांग नसली तर? शेवटी डोळे मिटून फळी वर ढकलली.

समोर हे उभे. उभ्या आयुष्यात कुठल्या रांगेत न थांबलेला माणूस, हातात सुटे दिरहम घेऊन. त्यांच्यामागे अबुधाबीहून आलेला मित्र, त्याच्यामागे पोरगी. तिघांची का होईना, रांग होती.

“एक मिसळ,” हे म्हणाले.

“एक नाही,” मी म्हटलं, आणि पहिली प्लेट पुढे केली. “लाभ.”