वारलूच्या डोंग्यावरची देशी गाडी

वारलू ढिवर जन्मात कधी मोटारीत बसला नाही, पण मोटारींबद्दल त्याचं मत ठाम होतं. वैनगंगेच्या आमच्या घाटावर तेव्हा पूल नव्हता. दोन मोठे डोंगे शेजारी शेजारी बांधायचे, त्यांच्यावर सागाच्या फळ्या टाकायच्या, फळ्यांवर गाडी चढवायची आणि बांबूच्या रेट्यानं पैलतीराला न्यायची, हे त्याचं काम. मी शाळा तपासायला गडचिरोलीकडं जायचो. माझ्या सायकलचा नंबर सगळ्यात शेवटी लागायचा. त्यामुळं घाटावर बसून वारलूचं ऐकायचं आणि मनातल्या मनात चरफडायचं, एवढंच माझ्या हाती असायचं.

वारलू गाडीची पारख वजनावर करायचा. धान जड भरलं तर चांगलं, पाण्याचा पितळी गुंड जड असला तर चांगला, मग गाडीनंच काय पाप केलं? गाडी फळ्यांवर चढली की तो वाकून डोंग्याची कड पाण्यावर किती उरली ते बघायचा. सागाचे ठेकेदार गुणवंतराव यांची भली मोठी विलायती गाडी चढली की डोंगे दबायचे आणि वारलूचा चेहरा खुलायचा.

"पाय मास्तर, कशी बसली! म्हशीवानी. हालत नाई, डुलत नाई. याले म्हणते गाडी."

मी मास्तर नव्हतो, तपासनीस होतो, पण घाटावर तो फरक कोणाला सांगणार!

बापाच्या हातून बांबू घेतल्यापासून वारलूच्या डोंग्यावरून नदीत काही पडलं नव्हतं. गाडी सोडाच, बाजारकरणीच्या टोपलीतलं कोंबडंसुद्धा नाही. तो स्वतः हे कधी बोलायचा नाही. दोन्ही काठांची माणसं बोलायची आणि तो ऐकू न आल्यासारखं करून ताठ व्हायचा. शेत नव्हतं, घर कुडाचं होतं. त्याच्याजवळ होतं ते हे नाव.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात गुणवंतरावांची विलायती गाडी बंद पडली. आतला कुठलासा भाग मोडला होता. तो मुंबईहून यायचा, मुंबईला परदेशातून यायचा, आणि परदेशाला काही घाई नव्हती. सगळा पावसाळा गाडी गुरांच्या कोठ्यात उभी राहिली. मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या, तेव्हा गुणवंतराव संतापले. ती येईल त्या भावात विकून त्यांनी कलकत्त्याकडं बनलेली नवी देशी गाडी आणली.

दिवाळीनंतरच्या बाजाराच्या दिवशी ती घाटावर आली. मग काय, वाळूत सभाच भरली. गुणवंतरावांचा ड्रायव्हर लटारू विलायतीच्या बाजूचा. तो म्हणाला, "ते गाडी चढाव चढे त आवाज नाई येत होता. गादी अशी का बसल्या बसल्या झोप लागे. हे चढावावर कण्हते. दार दोनदा आपटा लागते."

"आन् ते कोठ्यात झोपली होती ते?" गुणवंतराव म्हणाले. "किंमत पाय, पेट्रोल कमी पेते ते पाय. पार्ट नागपुरात भेटते. जंगलात फिराची गाडी पायजे का झोपाची?"

दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच वाद मिटत नव्हता. शेवटी गाडी फळ्यांवर चढली आणि सगळ्यांनी वारलूकडं पाहिलं. वारलूनं वाकून कड पाहिली. डोंगे थोडेसेच दबले होते. त्यानं नाक मुरडलं.

"हे गाडी हाये का कोंबडी?"

लोक खोखो हसले. त्या हसण्यात वारलूनं एक चूक केली. विलायती गाडी डोंग्यावर असली की तो दुसऱ्या माणसाला पाय ठेवू द्यायचा नाही. आज मात्र पलीकडच्या बाजाराला जाणारी माणसं ताटकळली होती, गाडी हलकी होती, आणि गाडी देशी म्हणजे घरचीच, तिचा कसला मान ठेवायचा! त्यानं हात हलवला. "या रे, या. कोंबडीसंगं जागाच जागा हाये."

टोपल्या, गाठोडी, बायाबापड्या सगळे चढले. मी सायकल घेऊन चढणारच होतो, पण जागा उरली नाही. जन्मात एकदा उशिराचा फायदा झाला.

पैलतीर जवळ आला तसं ऊन गाडीवर पडलं. काळ्या कुळकुळीत दारात आपलं तोंड दिसतं, हे एका बाईच्या ध्यानात आलं. तिनं दुसरीला बोलावलं, दुसरीनं तिसरीला, आणि बघता बघता सगळा बाजार त्या एका बाजूला गोळा झाला. वारलू ओरडला, पण डोंगे कलले होते. गाडी शांतपणे घसरली आणि कमरेभर पाण्यात जाऊन बसली. टोपल्या वाहून गेल्या, माणसं भिजून काठाला लागली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. वारलू मात्र बांबू धरून तसाच उभा राहिला. त्याचं तोंड मला अलीकडून दिसत नव्हतं, आणि बरंच झालं.

हेल्यांच्या, म्हणजे रेड्यांच्या, दोन जोड्या लावून गाडी ओढून काढली. लटारूनं तिचं पोट उघडून तेलपाणी उपसलं. बिघडलेले भाग नागपूरहून मोटारीनं आले, आणि पुढच्या बाजाराच्या आत गाडी कण्हत का होईना, पण चालू लागली. लटारूसुद्धा कौतुकानं बोलू लागला.

वारलू मात्र घाटावर आला नाही. त्याचे पुतणे डोंगे चालवत होते; दुरुस्त झालेली गाडी रिकामीच अलीकडं आणली, तीही त्यांनीच. त्याची बायको रुखमा पाण्याला आली होती, ती मला म्हणाली, "जेवत नाई, बोलत नाई मास्तर. जाळं घेऊन बसते, आन् तेही विणत नाई." मला फार वाईट वाटलं.

बाजाराच्या दिवशी गुणवंतराव बायकोला, वच्छलाबाईंना, घेऊन त्याच गाडीनं आले. पुतण्यांनी फळ्या लावल्या, पण गुणवंतराव सरळ ढिवरपुऱ्यात, वारलूच्या घराकडं निघाले. मागं बाई, आणि त्यांच्या मागं मी, कारण माझा नंबर तसाही लागणार नव्हता.

"चाल वारलूभाऊ, गाडी उभी हाये."

"मी नाई येत गुणवंतभाऊ. माह्याच हातानं बुडली."

"बुडली म्हणून त कळलं ना कशी हाये ते! विलायती बुडली असती त अजून कोठ्यातच राह्यली असती. हे आली ना चालून."

वारलूनं मान वर केली. "गाडीचा पार्ट नागपुरात भेटते भाऊ. माह्यं नाव कुठी भेटन?"

ठेकेदार माणूस, तोंडाचा फाटका, पण ते बायकोकडं बघू लागले. मग वच्छलाबाई पुढं झाल्या.

"वारलूभाऊ, मले पोहता येत नाई. मी चढीन त तुमच्याच डोंग्यावर. नाई त इथूनच वापस."

वारलूनं जाळं खाली ठेवलं आणि तो उठला.

घाटावर त्यानं बाजारकरांना लांब उभं केलं. गाडी फळ्यांच्या मधोमध घेतली, चाकांना चारही बाजूंनी ठोकळे लावले. कड मात्र त्या दिवशी पाहिली नाही. बाई फळीवर बसल्या, गुणवंतराव उभे राहिले, आणि वारलूनं बांबू रोवला. काठावर कोणी बोलत नव्हतं. एवढी माणसं गप्प बसलेली मी आमच्या शाळांतसुद्धा पाहिली नाहीत.

पैलतीराला गाडी उतरली. बाई उतरल्या आणि त्यांनी वारलूला वाकून नमस्कार केला, घरच्या वडीलधाऱ्याला करतात तसा. वारलू वाळूत बसला आणि मोठ्यानं रडू लागला. मी पुढच्या फेरीनं पोहोचलो तरी तो रडतच होता, आणि गुणवंतराव गाडी बंद करून त्याच्याजवळ वाळूत बसले होते.