मयत बाईच्या नंबरावरून

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र वेगळं उभं राहतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, शेवटी कोणाला अटकही झाली नाही.

मी तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याच्या लँडलाइनवर रोज संध्याकाळी पाच-सव्वापाचला एक फोन यायचा. ठाणे अंमलदार म्हणायचा, "पोलीस ठाणे, बोला." पलीकडून फक्त श्वास. "कोण बोलतंय? काम काय?" असं दरडावलं की फोन बंद. आठवडाभर हसण्यावारी गेलं. "साहेब, तुमच्यावर कोणाचं तरी मन बसलंय," असं एक जुना हवालदार म्हणाला. दुसऱ्या आठवड्यात मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली आणि नंबर कोणाचा ते काढायला सांगितलं.

सिम एका बाईच्या नावावर होतं. पत्ता कोरीटकडच्या एका गावाचा. बीट अंमलदार चौकशी करून आला आणि माझ्यासमोर टोपी काढून उभा राहिला.

"साहेब, ती बाई सहा महिन्यांपूर्वी वारली. काविळीनं. सुरतच्या दवाखान्यात."

ठाण्यातलं हसणं थांबलं.

मेलेल्या माणसाचा फोन चालू असेल तर पोलिसाचं डोकं आधी चोरीकडे जातं, मग त्याहून वाईट गोष्टींकडे. मी तिच्या नवऱ्याला आणि दिराला बोलावून घेतलं. पपईची बाग असलेलं शेतकरी कुटुंब, आजवर ठाण्याची पायरी चढलेलं नाही. दोघांना वेगळं बसवून विचारपूस केली. दिराला तर मी दोन तास घाम फोडला. दोघांचं उत्तर एकच. फोन दवाखान्याच्या पिशवीत होता, पिशवी कपाटात, आणि त्या कपाटाला घरात कोणी हात लावत नाही. माणूस पाठवून पाहिलं, पिशवीत फोन नव्हता. फोनमध्ये वर्षाचं रिचार्ज तिनं आजारी पडण्याआधीच मारून ठेवलेलं.

"घरात आणखी कोण?" मी नवऱ्याला विचारलं.

"मन्ही माय शे. आनि पोर. पाचवीले शे."

मी 'बरं' म्हटलं आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या मुलीचं नावसुद्धा विचारलं नाही. माणसं मोजताना आपण मुलं धरत नाही, मीही धरली नाही.

कॉलचा तपशील आला. या आठवड्यांत त्या फोनवरून एकाच नंबरावर कॉल झाले होते, आमच्या. टॉवर गावाचा नव्हता, आमच्याच शहराचा, एका शाळेजवळचा. शाळेच्या फाटकासमोर एक मुसलमान शिंपी बसतो, पिढीजात धंदा, शाळेचे गणवेश शिवणारा. आमच्या माणसांनी चौकशी सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी तो स्वतःच ठाण्यात आला.

"साब, आपका चोर मेरी पायरी पे बैठता है," तो म्हणाला. "एवढीशी पोरगी आहे. शाळा सुटली की गावाची गाडी येईपर्यंत माझ्याकडे बसते. फोन चार्जिंगला लावते. मी विचारलं, कोणाला लावतेस? म्हणाली, आईचं काम आहे. आईचं काम म्हटल्यावर मी कशाला मध्ये बोलू? पण साब, उसको डांटना मत."

मला एकदम आठवलं. त्याच शाळेत काही महिन्यांपूर्वी मी भाषण ठोकलं होतं. कोणी त्रास दिला, कोणी हरवलं, काहीही झालं तरी पोलिसांना फोन करा, आम्ही तुमचे मित्र आहोत. टाळ्या झाल्या होत्या. ठाण्याचा नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतला होता. म्हणजे एका मुलीनं माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि मी तिच्यावर चौकशी लावली होती.

त्या दिवशी पाच वाजता मी एका महिला हवालदाराला लँडलाइनजवळ बसवलं. त्या रनाळ्याच्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या. फोन वाजला. 'पोलीस ठाणे' वगैरे त्या काही म्हणाल्याच नाहीत.

"बोल बेटा. मी ऐकी ऱ्हायनू. घाई नही."

बराच वेळ श्वास. मग आवाज.

"हरवेल मानूसनी तक्रार तुम्हीच लिखतस ना?"

"हाव. कोन हरवनं?"

"मन्ही माय."

हवालदार बाईंनी डोळे पुसले नाहीत. एका हातानं रिसीव्हर घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं मला खूण केली, गाडी काढा.

लहान मुलांकडे चौकशी करताना गणवेश घालायचा नाही आणि त्यांना ठाण्यात आणायचं नाही, असा नियम आहे. मी साध्या शर्टात आणि हवालदार बाई साडीत, असे शाळेत गेलो. वर्गशिक्षिका भल्या होत्या, हे मी मुद्दाम लिहितो. त्या म्हणाल्या, "आम्ही काळजी घेतली हो साहेब. वर्गाला ताकीद दिली, तिच्यासमोर आईचा विषय काढायचा नाही. 'माझी आई' निबंध होता, त्या दिवशी तिला ग्रंथालयात बसवलं."

दहा वर्षांच्या मुलांना आईचा विषय टाळून बोलता येतं का? डब्यात आई असते, वेणीत आई असते, गृहपाठावरच्या भांडणात आई असते. मुलांनी सोपा मार्ग काढला. तिच्याशी बोलणंच बंद केलं.

घरचीही काळजी तशीच. आजार वाढला तेव्हा मुलीला अक्कलकुव्याला मामाकडे पाठवलं. सुरतहून प्रेत थेट स्मशानात नेलं. तेरावं उरकल्यावर मुलीला घरी आणून सांगितलं, आई सुरतला आहे, बरी झाली की येईल. पोरगी विचारेल म्हणून फोटोही लावला नाही. पण मुलगी डोळे उघडे ठेवून होती. सुरतला कोणी जात नाही, कोणी फोन करत नाही, आईचा फोन तर कपाटातच सापडला. तिनं निष्कर्ष काढला की आई हरवली आहे आणि घरचे शोधत नाहीत. माझ्या दोन तासांच्या चौकशीपेक्षा तिचा तपास सरस होता.

मी बापाला शाळेत बोलावलं आणि म्हटलं, "तिला आज खरं सांगायचं. तुम्हीच."

"इतली ल्हान पोर शे साहेब, तिले कसं सांगू? ती मोडी जाई."

माझा आवाज चढला. "मोडायची राहिली आहे का ती? रोज एकटी पायरीवर बसून पोलिसांना फोन करते!"

मुख्याध्यापकांच्या खोलीत बाप तिच्यासमोर खाली जमिनीवर बसला. हवालदार बाई तिच्या शेजारी. मी दाराशी.

"बेटा, माय सुरतले नही शे. ती मरी गई."

मुलगी रडली नाही. तिनं विचारलं, "कव्हय?"

"तू मामाकडे व्हती तव्हय."

"दिवसा का रातले?"

"दुपारले."

"मी तव्हय काय करत व्हतू?"

खोटं बोलण्याची सहा महिन्यांची सवय बापाच्या ओठांवर आली, ती मी पाहिली. मग तो म्हणाला, "माले माहीत नही, बेटा. तूच सांग."

आणि ती सांगू लागली. मामाच्या गावची दुपार, शेळीचं पिल्लू, मामी फोनवर बोलता बोलता आत निघून गेली ती. सांगता सांगता तिला रडू फुटलं, बापालाही. आम्ही दार ओढून बाहेर आलो.

चौकशी दप्तरी दाखल झाली. लगेच सगळं ठीक झालं असं नाही. जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकांकडे ती बरेच महिने जात होती. शाळेनं वर्गाला सरळ सांगितलं, बोला तिच्याशी. शिंप्यानं नंतर मला सांगितलं, एका मुलीनं तिला पायरीवर विचारलं, "तुझी वेणी कोण घालतं?" "पप्पा." "तरीच वाकडी!" आणि दोघी हसल्या.

निवृत्तीनंतरही शाळा मला पालकसभेला बोलावतात. आता मी भाषण करत नाही. एकच प्रश्न विचारतो: तुमच्या घरात मुलांसमोर कोणता विषय बंद आहे? सभागृह चिडीचूप होतं. माणसं चपलांकडे बघतात. मी त्यांना ती शांतता थोडा वेळ ऐकू देतो आणि मग सांगतो, तुमची मुलं रोज या शांततेत राहतात, एकटी.