शत्रूबाई हरल्या तेव्हा

संरक्षण धोरणावर संशोधन करणाऱ्या त्या संस्थेत बाईंना सगळे ‘शत्रूबाई’ म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि बाईंनाही त्याचं काही वाटत नसे. नकाशावर लुटुपुटूची लढाई मांडली, की पलीकडची बाजू कायम त्यांच्याकडे. केस पांढरे झाले, पण बाजू काही बदलली नाही. सोंगट्या हलवण्याआधी त्या डोळे मिटून बसायच्या. मग कागदावरची घळ खरी व्हायची, पायांत धुकं यायचं आणि बाई एका परक्या सैन्याच्या पुढे चालू लागायच्या. शेजारी कुणी चहा ठेवून गेलं तरी पत्ता नसायचा. गार झालेला चहा मात्र कुरकुर न करता प्यायच्या.

त्या दिवशी नकाशावर डोंगरातली एक चौकी होती. त्या चौकीवर खरोखरच बाईंचा भाचा तैनात होता, धाकट्या बहिणीचा एकुलता एक. बाई नेहमीसारख्या घळीतून वर चढल्या. वर कानटोपी घालून तो पेंगत होता, लहानपणी झोपायचा तसाच तोंड उघडं टाकून. बाई तिथूनच मागे फिरल्या. सैन्य घेऊन त्या मुकाट्याने खाली उतरल्या आणि डाव हरल्या.

"चौकी चांगलीच भक्कम निघाली की," साहेब खूश झाले. "मग तिथली निम्मी माणसं काढून घ्यायची शिफारस करू. उरलेली पुरे आहेत."

रात्री घरी बाई जेवायला बसल्या. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "ताई, तू त्या कामात आहेस म्हणून मी निवांत झोपते बघ." बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "काल मी मुद्दाम हरले. तिथे माझा भाचा आहे. डाव पुन्हा मांडा."

साहेबांनी चष्मा काढला. "आधी सांगायचं होतंत. दुसऱ्या कुणाला बसवू का?"

"दुसऱ्या कुणाला ती घळ सापडायची नाही."

बाईंनी डोळे मिटले. धुकं आलं, घळ आली. या वेळी भाच्याने मान वर केली आणि तो हसला. "मावशी, तू?" म्हणाला. बाई थांबल्या नाहीत. त्यांनी चौकी घेतली. एकही माणूस जिवंत सोडला नाही.

"निम्म्यांचं सोडाच, आहेत तेवढीसुद्धा पुरणार नाहीत," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. गालांवरून पाणी वाहत होतं. "दुप्पट पाठवा."